टीपकागदावरचं रक्त

शहापूर, बेळगाव
१२ जून १९३८

भावकू दाजी,

रामराम. सोमवारी तुमच्याकडून निघालो, खानापुरास आगगाडी मिळाली, सुखरूप पोचलो. तिथं असताना काही बोललो नाही. तुमच्या आईंसमोर बोलणं बरं दिसलं नसतं. आता लिहितो.

जयाला बघून मी दचकलो. लग्नात ती हळदीनं पिवळी होती, आता हळदीवाचून पिवळी आहे. नखं पांढरी, खालची पापणी ओढून बघितली तर आतून तीही पांढरी. पाय सुजलेले. विहिरीपासून घरापर्यंत येताना घागर दोनदा खाली ठेवून दम खात होती. वर्षापूर्वी सातव्या महिन्यात मूल गेलं तेव्हाच मला शंका यायला हवी होती. दहा वर्षं मी दवाखान्यात कंपाउंडर आहे. रक्त आटलेलं माणूस मला लांबून ओळखू येतं. ते का आटलं हे मात्र कळलं नाही, आणि तुमच्या घरात विचारलं तर जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता.

डॉक्टरसाहेबांना विचारून लोहाच्या औषधाची बाटली देतोय. रवळू गाडीवान आणून देईल. जेवण झाल्यावर एक चमचा, दिवसातून तीनदा. सोबत टीपकागदाचे दोन तुकडे आहेत. सुई दिव्यावर तापवून, गार करून तिच्या बोटाला टोचा, एक थेंब कागदावर घ्या, वाळवून पत्रातून पाठवा. आमच्याकडे छापील पट्टी असते, तिच्यावरच्या तांबड्या रंगांशी ताडून बघता येतं. वाळल्यावर रक्त काळवंडतं, पण फिकं ते फिकंच राहतं. दुसरा तुकडा पंधरा दिवसांनी.

आणखी एक. तिला कोण वाढतं? सगळ्यांच्या मागून जेवते का? ताटात काय असतं? आईबाप गेल्यावर त्या पोरीला मी वाढवलंय, म्हणून विचारतो. खरं लिहा.

मारुती


जांबोटी
२१ जून १९३८

मारुतीराव पाव्हणं यांस भावकूचा रामराम.

बाटली पोचली. थेंब सोबत धाडलाय. सुई टोचताना जया रडली न्हाय, आईच रडली.

तुम्ही विचारलंय ते लिवतो. आमच्यात बाया मागनं जेवत्यात, तुमच्या गावात बी तसंच असंल. भात, नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, रानातली भाजी, बाजारच्या दिवशी सुकी मासळी. आई तिला स्वतःच्या हातानं वाढती. तुम्हाला काय म्हणायचं हाय ते मला कळलंय, पण मी वाईट वाटून घेत न्हाय.

आता मी विचारतो. औषध सुरू केल्यापासून तिला परसाकडं काळी होतीया. डांबरागत. पोट बी घट्ट झालंय. आईनं त्याच्यावर घरचा उपाय चालू केलाय. पण ती रोज विचारती, पाव्हण्यानं बाटलीत घातलंय तरी काय? मी काय सांगू?

भावकू


शहापूर
२५ जून १९३८

दाजी,

काळ्या रंगाला भिऊ नका. शरीर औषधातलं सगळं लोह घेत नाही. जठरातून अन्न पुढं आतड्यात उतरतं, तिथल्या पहिल्याच भागात लोह शोषलं जातं, आणि तेही थोडंसंच. उरलेलं काळं होऊन बाहेर पडतं. म्हणजे औषध पोटात पोचलं, एवढाच त्याचा अर्थ. आईंना तसं सांगा.

थेंब बघितला. शंभरापैकी पस्तीस. डॉक्टरसाहेबांनी पट्टी दोनदा लावून बघितली. थेंबाभोवती नुसतं पाण्याचं कडं उमटलंय.

आता दुसरी गोष्ट. रवळू काल गळू दाखवायला आला होता. बोलता बोलता म्हणाला, "भावकूची पयली बायकू, मनुबाई, ती बी अशीच पांढरी होत होत गेली." सोयरीक जमवताना तुम्ही सांगितलंत, पहिली बायको तापानं गेली. ताप आणि पांढरं पडणं यातला फरक मला कळतो. एकाच घरात, एकाच चुलीवरचं खाऊन, दोन तरण्याताठ्या बायका पांढऱ्या पडतात, आणि तुम्ही व तुमच्या आई मात्र ठणठणीत. हे कसं?

उत्तर द्या. टाळू नका.

मारुती


जांबोटी
६ जुलै १९३८

मारुतीराव,

दुसरा थेंब धाडलाय. बघा, जया सुधारतीया. औषध वेळेवर चालू हाय. तुम्ही काळजी सोडा.

मनूचं काढू नका. ती माहेरी जाऊन गेली. शेवटी ताप होता, ते खोटं न्हाय.

पाऊस लई हाय, ओढ्यावरनं गाडी जाईना. तुम्ही इतक्यात येऊ नका.

भावकू


शहापूर
१० जुलै १९३८

जया,

हे पत्र तुमच्या शाळेतल्या यल्लाप्पा मास्तरांच्या पत्त्यावर टाकतोय. ते तुझ्याच हातात देतील. वाचून चुलीत टाक.

दाजींनी धाडलेला दुसरा थेंब पट्टीवर पंच्याऐंशी भरला. अगं, असं होत नाही. लोह पोटात गेलं की दुसऱ्या दिवशी रक्त होत नाही. आतडं ते थोडं थोडं उचलतं, मग हाडांच्या पोकळीत त्याचं रक्त घडतं. सगळं सुरळीत चाललं तरी रोज शंभरातला एक अंश वाढला तर पुष्कळ. पंधरा दिवसांत पस्तिसाचे पन्नास झाले असते तरी मी पेढे वाटले असते. पंच्याऐंशी होणं शक्यच नाही.

ते रक्त तुझं नाही. कुणाचं आहे? औषध तुला देतात का? जेवणात कधी वेगळी चव लागते का? मनुबाईविषयी घरात काय बोलतात? मला फक्त एक ओळ लिही. पुढं काय करायचं ते मी बघतो.

तुझा अण्णा


जांबोटी
१५ जुलै १९३८

अण्णा,

रक्त माझंच हाय. औषध घेते. घरात कुणी वाईट न्हाय. तू येऊ नको आणि मला न्यायला कुणाला धाडू नको. तुझ्या पाया पडते.

जया


जांबोटी
२३ जुलै १९३८

मारुतीराव पाव्हणं,

आता खरं लिवतो. आधीच लिवायला पायजे होतं.

परवा लावणीत जया चिखलातच खाली बसली आणि आडवी झाली. बायांनी उचलून बांधावर आणली. ओठ पांढरेफटक पडलेले. मी लाकडाची गाडी घेऊन खानापुराला गेलतो. आलो तवा ती शुद्धीत होती. मला म्हणाली, "अण्णाला लिवा. सगळं लिवा."

दुसरा थेंब माझा हाय. मी बोट टोचून घेतलं. तीच म्हणाली तसं करा म्हणून. "अण्णाला रक्त फिकं दिसलं तर तो मला घेऊन जाईल. मनूआक्का माहेरी गेली ती परत आली न्हाय. मी बी न्हाय येणार." आसं म्हणून हात धरून बसली. मला न्हाय म्हणवलं न्हाय.

औषध जूनच्या शेवटापासनं बंद हाय. का ते ऐका. तिचं पोट घट्ट झालतं म्हणून आई तिला रोज औषधामागनं हिरड्याची पूड कोमट पाण्यात द्यायची. एक दिवस जया म्हणाली, औषध कडू लागतंय, दोन्ही एकदम घेते. म्हणून तिनं हिरड्याच्या वाटीतच तुमचा चमचा ओतला. आमच्या डोळ्यांदेखत वाटी काळीकुट्ट झाली. आईनं वाटी भिरकावली.

"बघितलंस? इख हाय हे! तिचाच भाऊ तिला मारतोय!"

मी म्हटलं, "आई, भाऊ कशाला मारंल?"

"मग काळं का झालं? आणि परसाकडं काळी का होतीया? तू सांग!"

तुम्ही मनूचं विचारलं त्याच हप्त्यात हे झालं. आई म्हणाली, त्याला आपल्या घरावर बालंट आणायचं हाय. पोरगी मेली तरी चालंल, पण आपल्याला बेड्या पडाव्यात. माझ्या बी मनात ते बसलं. तुमच्यापाशी खोटं बोलायचं नव्हतं, पण तुमच्यावर विश्वास बी ऱ्हायला नव्हता.

बाटली अजून आढ्याला टांगून ठेवलीया. तिच्यात काय हाय ते देवाशपथ सांगा.

भावकू


शहापूर
२६ जुलै १९३८

दाजी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि कपाळाला हात लावला.

तुम्ही शाळेत शाई कशी करत होता? आम्ही हिरडा भिजत घालून त्यात हिराकस टाकत होतो. इथले रंगारीसुद्धा काळा रंग करायला तेच वापरतात. हिराकस म्हणजे लोहाचाच क्षार. औषधात तोच आहे, फक्त शुद्ध केलेला आणि मोजून घातलेला. हिरड्यातला तुरटपणा लोहाला घट्ट धरतो आणि त्याची शाई होते. तुमच्या आईंनी वाटीत शाई केली, विष नव्हे.

पण ऐका, जे वाटीत झालं तेच आधीचे आठ-दहा दिवस जयाच्या पोटात होत होतं. वर लोह, मागून हिरडा. शाईत अडकलेलं लोह आतड्याला उचलता येत नाही, ते तसंच बाहेर जातं. म्हणजे माझं औषध आणि तुमच्या आईंची माया यांनी एकमेकांना मारलं, आणि पोरगी कोरडीच राहिली. बाटली देताना हे मी सांगायला हवं होतं. ती माझी चूक.

तरीही एक कोडं सुटत नव्हतं. मुळात रक्त गेलं कुठं? मी डॉक्टरसाहेबांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. 'लावणी' शब्दावर त्यांनी थांबवलं. विचारलं, नवरा काय करतो? म्हटलं, लाकडाच्या गाड्या हाकतो, पायात वाहाणा असतात. आणि बायका? म्हटलं, अनवाणी, दिवस दिवस चिखलात. त्यांनी विचारलं, पावसाच्या सुरुवातीला बोटांच्या बेचक्यात खाज सुटते का? मला लहानपणीचं आठवलं. चिखल्या म्हणून आम्ही सगळेच खाजवत होतो. ते म्हणाले, सगळ्याच चिखल्या तशा नसतात, पण काहींत दोऱ्याएवढ्या किड्याची पिल्लं कातडीतून आत शिरतात. शेताच्या कडेला माणसं परसाकडं बसतात, तिथून ती चिखलात येतात. अंगातून फिरत आतड्यात पोचतात, आणि जिथं लोह शोषलं जातं तिथंच दात रोवून रक्त पितात. शेकड्यांनी. वर्षानुवर्षं.

तपासल्याशिवाय खात्री नाही. जयाला घेऊन या. गाडीत गवत घालून झोपवून आणा. मी तिला माहेरी ठेवून घेणार नाही, हे तिला माझ्या तोंडचं सांगा. आईंनाही आणा. बाटलीची परीक्षा त्यांनी माझ्यावर करावी.

मारुती


जांबोटी
६ सप्टेंबर १९३८

मारुतीराव पाव्हणं यांस रामराम.

आम्ही परत येऊन पंधरा दिवस झाले. जया आता घागर न थांबता आणती. काल परड्यातनं मला हाक मारली, ती ओढ्यापर्यंत आयकू आली. एवढा आवाज तिला हाय हे मला म्हायती नव्हतं.

आईनं तुमच्या दवाखान्यात सगळ्यांदेखत तुम्हाला दोन चमचे औषध प्यायला लावलं आणि तासभर तुमच्या तोंडाकडं बघत बसली, त्याचा राग धरू नका. दुर्बिणीत किड्याची अंडी दाखवली तवा तिला पटलं. तिच्या बी पोटात निघाली, तेचं तिला जास्त लागलं. किडे पाडायचं औषध दोघींनी घेतलं. परत येताना गाडीत एवढंच म्हणाली, "मनूला मी आळशी म्हणायची. बसली की शिव्या द्यायची." मी तुम्हाला इचारतो, मनूचं बी हेच असंल का? असंल तर ती वाचली असती का?

आता जे झालं ते लिवतो. गणपती होऊन चार दिवस झाल्यावर खानापुराहून पोलीस आले. फौजदारानं आईला बोलावलंय म्हणाले. कुणीतरी बिननावाचा अर्ज केलाय, नागुबाईनं एक सून मारली, दुसरीला मारतीया. पावसाळ्यात अर्ज कचेरीत पडून होता म्हणून आजवर चौकशी ऱ्हायली. आईला दिवसभर कचेरीच्या व्हरांड्यात बसवली. येणारे जाणारे बघत होते. जया माझ्यासंगं गेली, फौजदारापुढं उभी ऱ्हायली, म्हणाली, "मी जित्ती हाय साहेब, मला बघा की." तवा दिवे लागायच्या सुमारास सोडलं.

आई दोन दिवस जेवली न्हाय. गावात कुणी केलं असंल म्हणून सगळ्यांकडं संशयानं बघती. तुम्हाला काय वाटतंय? कुणाचं काम असंल?

जया बरी हाय, तवा औषध बंद करू का?

भावकू


शहापूर
१० सप्टेंबर १९३८

दाजी,

अर्ज मी केला.

जयाची ती चार ओळींची चिठ्ठी आली, त्या दिवशी. 'घरात कुणी वाईट न्हाय,' हे मी उलटं वाचलं. मला वाटलं, कुणीतरी मानेवर उभं राहून लिहून घेतलंय. ती मला भीत होती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. अर्ज टाकला आणि आठ दिवसांनी तुमचं खरं पत्र आलं. तेव्हाच खानापुरास जाऊन तो परत घ्यायला हवा होता. गेलो नाही. नाव घातलेलं नाही, पावसात कागद कुठंतरी पडून राहील, असं मनाला समजावलं. तुम्ही सगळे इथं आलात, तुमच्या आई माझ्या हातचं जेवल्या, तरी मी तोंड उघडलं नाही. काल फौजदारापुढं जाऊन माझ्या नावानिशी लिहून दिलं की अर्ज माझा आणि तो चुकीचा. त्यांनी मला जे बोलायचं ते बोलून घेतलं. आता आईंच्या पायांवर डोकं ठेवायला येतो. तुम्ही या म्हणाल त्या दिवशी.

मनुबाईंचं मला सांगता येत नाही. असेल, असं वाटतं. वाचल्या असत्या की नाही, हे कुणीच सांगू शकणार नाही. तुमच्या आईंना तेव्हा माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं, एवढंच खरं आहे.

औषध बंद करू नका. गालावर रंग आला म्हणजे काम संपलं नाही. आधी आलेलं लोह रक्त घडवण्यात जातं. रोजचं भागलं की मग उरलेलं शरीर यकृतात साठवून ठेवतं, जसं तुम्ही खाऊन उरलेलं भात कणगीत भरता. तिची कणगी तळापर्यंत रिकामी आहे. आत्ता थांबलात तर पुढच्या बाळंतपणात ती पुन्हा पांढरी पडेल. दिवाळीनंतरही दोन महिने द्या. हिरडा हवाच असेल तर वेगळ्या वेळी. आणि बायकांच्या पायांत काहीतरी असू द्या, परसाकडंला लांब एकच खड्डा ठरवा. नाहीतर किडे पुढच्या पावसात परत येतील.

तुम्ही मला माफ करावं असं लिहायला माझा हात धजत नाही.

मारुती


जांबोटी
१९ सप्टेंबर १९३८

मारुतीराव पाव्हणं,

अर्ज तुमचा हाय हे मला पहिल्या दिवशीच कळलं. फौजदारानं वाचून दाखवला, त्यात टीपकागदावर दुसऱ्याचं रक्त लावल्याचं लिवलं होतं. ते मला, जयाला आणि तुम्हालाच म्हायती. तवा जया अजून आत आली न्हवती, म्हणून तिनं ते आयकलं न्हाय. मी तुम्हाला इचारलं ते कळत न्हवतं म्हणून न्हवं. तुम्ही सांगताय का ते बघायचं होतं. न्हाय सांगितलं असतं तर पुढची बाटली मी ओढ्यात टाकणार होतो आणि तुमचं तोंड बघणार नव्हतो.

राग हाय. न्हाय म्हणत न्हाय. आईला त्या व्हरांड्यात बसलेली मी बघितलीया. पण मी बी तुम्हाला माझं रक्त तिचं म्हणून धाडलं. आणि तुम्हाला इखारी समजून बाटली आढ्याला टांगली. तवा जया चिखलात पडली.

खड्डा खणलाय. गावात हसत्यात. मी जयाला जुन्या टायरच्या वाहाणा करून आणल्या, चिखलात रुतत्यात म्हणून ती शिव्या देती, पण घालती.

आईच्या पाया पडायला येऊ नका. तिला मी काय सांगितलं न्हाय, जयाला बी न्हाय. आईनं मनाशी ठरवलंय की जंगलखात्याच्या गार्डाचं काम हाय, कारण तिनं त्याला एकदा फणस दिला नव्हता. तिचं तसंच ऱ्हाऊ द्या. गार्डाची बदली झालीया. तुम्ही खरं सांगून मोकळे व्हाल, पण ती परत कुणाच्या हातचं औषध घेणार न्हाय. आणि डॉक्टर म्हणाले, तिला बी अजून चार महिने पायजे.

रोज जेवल्यावर ती जयाच्या आधी स्वतःचा चमचा भरून घेती. तोंड वाकडं करती आणि म्हणती, "मारुतीच्या हाताला गुण हाय गं बाई. माझ्यासमोर प्यालाय तो." शेजारच्या चार बायांना बी तिनं सांगितलंय, त्या तुमच्याकडं यायच्या म्हणत्यात.

दिवाळीला या. ती तुमच्या तोंडावर हेच म्हणणार हाय. गप बसून आयका.

भावकू